किल्लीला आकडा देणारा चित्रकार

मुंबई-पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला लॅच लागणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवण्यासाठी दोन पावले टाकावीत, वाऱ्याच्या झोताने दार मागे लोटले जावे आणि घरचा कर्ता पुरुष बनियनवर जिन्यात उभा राहावा, असे प्रसंग प्रत्येक सोसायटीत वर्षातून दोन-चार वेळा तरी घडतात. मग शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या किल्लीची आठवण होते. तीही नसेल तर नाक्यावरच्या चावीवाल्याला बोलावणे धाडले जाते. एका बाजूला करवतीसारखे दाते असलेली, बोटभर लांबीची ती चपटी किल्ली आता इतकी परिचयाची झाली आहे की तिलाही कोणी जन्मदाता असेल, असे सहसा मनात येत नाही. तो होता. लिनस येल हे त्याचे नाव. कुलपांच्या धंद्यात शिरण्यापूर्वी तो गावोगाव फिरून लोकांची व्यक्तिचित्रे रंगवीत असे, आणि ज्या कंपनीने त्याचे नाव जगभरच्या दारांवर कोरले, तिची स्थापना होऊन तीन महिने होण्याच्या आत तो मरण पावला.

येल हे घराणे मूळचे वेल्समधले. याच घराण्याच्या एका शाखेतील एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासला आला, १६८७ ते १६९२ या काळात तेथील फोर्ट सेंट जॉर्जचा प्रमुख होता आणि गैरव्यवहाराच्या आरोपांवरून त्याला त्या पदावरून दूर करण्यात आले. मद्रासमध्ये कमावलेल्या संपत्तीतला काही भाग त्याने पुढे अमेरिकेतील कनेटिकट येथील एका महाविद्यालयाला दिला आणि १७१८ मध्ये त्या महाविद्यालयाला त्याचे नाव लाभले. आजचे येल विद्यापीठ ते हेच. विद्यापीठ आणि कुलूप यांच्या नावांतील साम्य योगायोगाचे नाही, ते असे दूरच्या भाऊबंदकीचे आहे. एलिहूच्या वाट्याला ऐश्वर्य आले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या शाखेतील लिनस येलच्या वाट्याला हातोडी आणि कानस आली.

लिनसचा जन्म ४ एप्रिल १८२१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सॅलिसबरी या खेडेगावात झाला. वडिलांचे नावही लिनसच होते. त्यामुळे इतिहासकारांना थोरले येल आणि धाकटा येल असा भेद करावा लागतो, आणि तो न केल्यामुळे बापाचे श्रेय मुलाला व मुलाचे बापाला असा घोळ अनेक पुस्तकांत आढळतो. थोरले येल हे खटपटे कारागीर होते. १८४० च्या दशकात त्यांनी जवळच्याच न्यूपोर्ट गावी बँकांसाठी कुलपे बनविण्याचा कारखाना थाटला आणि त्यात चांगला जम बसविला. मुलाचे मन मात्र रंग आणि कुंचल्यांत रमले होते. छायाचित्रण तेव्हा नुकतेच कोठे जन्माला आले होते आणि सुखवस्तू कुटुंबांना आपली चित्रे भिंतीवर लावण्याची हौस होती. अशा घरांतून लिनसला काम मिळे. १८४४ मध्ये कॅथरीन ब्रुक्स या तरुणीशी त्याचा विवाह झाला. संसार वाढू लागला आणि १८५० च्या सुमारास त्याने कुंचला बाजूला ठेवून वडिलांच्या धंद्याची वाट धरली. चित्रकलेने त्याला काय दिले, याचे उत्तर त्याच्या पुढील रेखाटनांत सापडते. यंत्र लोखंडात उतरण्याआधी ते कागदावर अचूक उभे करण्याची हातोटी त्याच्यापाशी होती. त्या काळच्या लोहारकामातून वर आलेल्या कुलूपकारांत ती विरळाच होती.

बँकेचे कुलूप हा त्या काळी केवढ्या महत्त्वाचा विषय होता, याची कल्पना आज येणे कठीण आहे. अमेरिकेत तेव्हा मध्यवर्ती बँक नव्हती. राज्याराज्यांतील शेकडो लहान-मोठ्या बँका आपापल्या नोटा छापीत आणि त्या नोटांची पत बँकेच्या तिजोरीत असलेल्या सोन्या-चांदीवर अवलंबून असे. तिजोरी फुटली की बँक बुडे आणि बँकेबरोबर गावही. ठेवींना सरकारी विम्याचे संरक्षण नव्हते. त्यामुळे तिजोरीवरचे कुलूप कोणाचे, हा प्रश्न ठेवीदारही विचारीत असत. चोरांची हत्यारेही सुधारत होती. किल्लीच्या भोकातून आत बंदुकीची दारू ओतायची आणि बत्ती द्यायची, हा एक रांगडा मार्ग. भोकातून बारीक सळया घालून आतील पट्ट्या एकेक करून उचलायच्या, हा दुसरा, अधिक कसबाचा. दोन्ही मार्गांचे प्रवेशद्वार एकच होते, ते म्हणजे किल्लीचे भोक.

१८५१ मध्ये लिनसने आपले पहिले मोठे कुलूप बाजारात आणले. त्याचे नाव त्याने ठेवले होते इन्फॉलिबल, म्हणजे कधीही न चुकणारे. या नावातच तरुणपणाचा ताठा दिसतो. पण रचना खरोखरच कल्पक होती. किल्लीचा दात्यांचा भाग दांड्यापासून सुटा होऊ शकत असे. किल्ली फिरविली की हा भाग सुटून कुलपाच्या आत, भोकापासून दूर असलेल्या कप्प्यात जाई, तेथे तो आपले काम करी आणि तेवढ्या वेळात पोलादाची पट्टी भोक आतून बंद करून टाकी. म्हणजे जेथे भोक आहे तेथे कुलपाचे मर्म नाही आणि जेथे मर्म आहे तेथपर्यंत सळई पोहोचत नाही. शिवाय किल्लीचे दाते सुटे करून त्यांचा क्रम बदलता येई, त्यामुळे खजिनदार बदलला तरी कुलूप बदलावे लागत नसे.

त्याच वर्षी अटलांटिकपलीकडे लंडनमध्ये एक नाट्य घडत होते. जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स या अमेरिकन कुलूपकाराने आधी चब कंपनीचे प्रसिद्ध डिटेक्टर कुलूप पंचांसमक्ष पंचवीस मिनिटांत उघडले. मग त्याने आपला मोर्चा जोसेफ ब्रामाच्या कुलपाकडे वळविला. पिकॅडिलीतील दुकानाच्या काचेमागे हे कुलूप कित्येक दशके दिमाखात टांगलेले होते आणि ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस जाहीर झालेले होते. हॉब्सने सोळा दिवसांत मिळून पन्नासएक तास खर्ची घातले आणि बक्षीस खिशात टाकले. इंग्रजांची निर्धास्तता एका उन्हाळ्यात वितळून गेली. हॉब्स ज्या कंपनीचा माल विकायला आला होता, त्या न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूएल कंपनीचे कुलूप मात्र लंडनमध्ये कोणाला उघडता आले नाही. साहजिकच ते जगातले सर्वांत भरवशाचे कुलूप ठरले.

ही कीर्ती चार वर्षे टिकली. १८५५ मध्ये लिनस येलने ते कुलूप उघडून दाखविले.

त्यानंतर त्याने जे केले ते अधिक महत्त्वाचे आहे. १८५६ मध्ये फिलाडेल्फियात त्याने कुलपे आणि कुलपे उघडण्याची विद्या यांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. नामांकित कुलपांत कोणते दोष आहेत आणि ती कशी उघडता येतात, हे त्यात उघडपणे मांडले होते. यात धंद्याचा हिशेब होता, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रतिस्पर्ध्याच्या मालातील खोट दाखवून आपला माल खपविणे ही व्यापारातील जुनीच रीत आहे. परंतु अशी माहिती छापल्याने चोरांचे फावेल, असा आक्षेप त्या काळीही घेतला जाई. चोरांना हे आधीच ठाऊक असते, अज्ञानात असतो तो फक्त कुलूप विकत घेणारा, असे या प्रकटीकरणाच्या बाजूने असलेल्यांचे म्हणणे होते. संगणकाच्या सुरक्षेतील त्रुटी जाहीर कराव्यात की झाकून ठेवाव्यात, हा वाद एकविसाव्या शतकात नव्याने रंगला, तेव्हा जाणकारांना याच जुन्या कुलूपकारांचा दाखला द्यावासा वाटला, तो उगीच नाही.

येलचा प्रामाणिकपणा कसाला लागला तो स्वतःच्या कुलपापाशी. आपण कधीही न चुकणारे म्हणून विकलेले कुलूपही पुरेसा वेळ आणि पुरेशी चिकाटी असलेल्या माणसासमोर टिकणार नाही, हे त्याच्या लक्षात आले. वास्तविक ते कुलूप चांगले खपत होते. बँकांचा त्यावर विश्वास बसला होता. गप्प राहून आणखी दहा वर्षे त्यावर कमाई करणे शक्य होते. त्याने उलट निष्कर्ष काढला, की जोवर किल्लीचे भोक आहे तोवर बँकेची तिजोरी निर्धोक नाही. आणि त्याने भोकच काढून टाकले. १८६० च्या दशकाच्या आरंभी त्याने आकड्यांची चकती फिरवून उघडणारी तिजोरीची कुलपे आणली. पुढे १८६३ च्या सुमारास दोन चकत्यांचे कुलूप तयार केले, म्हणजे एक यंत्रणा बिघडली तरी दुसरीने तिजोरी उघडावी. दारू ओतायला जागा नाही, सळई घालायला वाट नाही, आणि चोरीला जायला किल्लीही नाही. तिजोरीची किल्ली आता खजिनदाराच्या डोक्यात राहू लागली. चकतीचे कुलूपही अजिंक्य नव्हते. काही वर्षांतच जेम्स सार्जंट या दुसऱ्या अमेरिकन कारागिराने सूक्ष्ममापनाच्या साधनाने असे कुलूप उघडण्याची युक्ती शोधली. तरी पण तिजोरीची दिशा कायमची बदलली ती येलच्या काळातच.

दरम्यान वडिलांचे निधन झाले होते. येलने आपले बिऱ्हाड मॅसॅच्युसेट्समधील शेलबर्न फॉल्स या नदीकाठच्या गावी हलविले. हॅल्बर्ट ग्रीनलीफ हा त्याचा भागीदार होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. अशा काळात, बँकांच्या मोठ्या कामातून सवड काढून, त्याने सामान्य घराच्या दाराचा विचार सुरू केला. त्याचे नाव ज्यामुळे राहिले, ते हे काम.

या कामाचे बीज फार जुने होते. प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियात लाकडी कुलपे वापरीत. इराकमधील खोर्साबादच्या पुरातन राजवाड्याच्या अवशेषांत असे कुलूप सापडल्याची नोंद आहे. दाराच्या आडव्या अडसरात वरून लाकडी खुंट्या पडत आणि अडसर जागच्या जागी अडकून बसे. भल्या मोठ्या दातघासणीसारखी दिसणारी लाकडी किल्ली आत घालून वर उचलली, की तिच्यावरचे खिळे या खुंट्यांना बरोबर हव्या तेवढ्या उंचीवर नेत आणि अडसर मोकळा होई. वडिलांनीही १८४० च्या दशकात पिनांच्या कुलपावर काम करून पाहिले होते. मुलाने ते सारे आक्रसून मुठीत मावेल अशा पितळी नळीत बसविले.

त्याची रचना अशी. एका स्थिर कवचात गोल फिरणारा दंडगोल असतो. कवच आणि दंडगोल या दोहोंतून आरपार जाणारी, ओळीने पाच छिद्रे पाडलेली असतात. प्रत्येक छिद्रात एकावर एक अशा दोन पिना आणि त्यांच्यावर एक स्प्रिंग. किल्ली नसताना स्प्रिंगच्या दाबाने वरची पिन अर्धी कवचात, अर्धी दंडगोलात अशी अडकून बसते आणि दंडगोल फिरू शकत नाही. किल्ली आत गेली की तिच्या खाचांवर खालच्या पिना टेकतात. प्रत्येक खाचेची खोली खालच्या पिनेच्या लांबीशी जुळलेली असेल, तरच दोन पिनांमधील सांधा कवच आणि दंडगोल यांच्या सीमारेषेवर येतो. पाचही सांधे एकाच वेळी त्या रेषेवर आले की दंडगोल मोकळा होतो. एक पिन केसभर वर राहिली तरी दार उघडत नाही आणि केसभर खाली राहिली तरी नाही. लिव्हरच्या साध्या जुन्या कुलपात पट्टी जरा जास्त उचलली तरी चालून जाई. येथे दोन्ही बाजूंनी माफी नव्हती.

या कुलपाची एकस्वे येलला २९ जानेवारी १८६१ आणि २७ जून १८६५ रोजी मिळाली. दोहोंमधील साडेचार वर्षांत त्याने आणखी एक सोय साधली आणि घरगुती वापराच्या दृष्टीने तीच निर्णायक ठरली. पूर्वी कुलपाचे सारे अवयव एका पेटीत असत आणि ती पेटी दाराच्या आतल्या अंगाला बसे. किल्लीला दाराची जाडी ओलांडून तेथपर्यंत पोहोचावे लागे. दार जितके जाड तितकी किल्ली लांब. चार खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला तर ओझे होई. येलने पिनांची नळी पेटीपासून वेगळी केली आणि ती दाराच्या बाहेरच्या पृष्ठभागालगत बसविली. नळीच्या मागे जोडलेली पट्टी आतल्या पेटीतील जीभ सरकवी. आता दार दोन इंच जाड असो की चार, किल्ली तेवढीच. आणि ती पोलादी पत्र्यातून कापलेली, चपटी, हलकी, सदऱ्याच्या खिशात मावणारी. आपल्याकडे वाड्याच्या दिंडीदरवाजाची किल्ली वीतभर असे आणि ती घराबाहेर नेण्याची पद्धतच नव्हती. घरात कायम कोणी तरी असे. घराला कुलूप लावून सगळ्यांनी कामाला जाणे आणि प्रत्येकाच्या खिशात घराची स्वतंत्र किल्ली असणे ही शहरी रीत आहे, आणि ती खिशात मावणाऱ्या किल्लीवाचून रुळली नसती.

शोध हाती होता. माल मात्र हाताने, एकेक करून घडविला जात होता. येल हा जात्या कारागीर. कारखानदारीसाठी लागणारे भांडवल आणि शिस्त त्याच्यापाशी नव्हती. १८६८ मध्ये त्याची गाठ हेन्री रॉबिन्सन टाउन या चोवीस वर्षांच्या अभियंत्याशी पडली. टाउनचे वडील संपन्न उद्योजक होते आणि मुलाला स्वतंत्र धंदा हवा होता. वयात तेवीस वर्षांचे अंतर असलेल्या या दोघांचे जमले. ऑक्टोबर १८६८ मध्ये येल लॉक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली आणि कनेटिकटमधील स्टॅमफर्ड येथे कारखान्याची उभारणी सुरू झाली. येलने शोध लावायचे आणि टाउनने ते कारखान्यात उतरवायचे, अशी ही वाटणी होती.

ती दोन-अडीच महिने टिकली. न्यूयॉर्कमध्ये इक्विटेबल विमा कंपनीच्या भव्य इमारतीचे काम चालू होते. तेथील कुलपांच्या व्यवहारासाठी येल त्या शहरात गेला होता. २५ डिसेंबर १८६८ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय होते ४७. ज्या कुलपावर त्याचे नाव पुढे कोट्यवधींच्या संख्येने कोरले गेले, ते कारखान्याच्या यंत्रांतून मोठ्या प्रमाणात बाहेर पडताना त्याने पाहिलेच नाही. (त्याच वर्षी, मार्चमध्ये, मुंबईत अर्देशिर गोदरेज यांचा जन्म झाला. वकिली सोडून त्यांनी १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये कुलपे बनविण्यास प्रारंभ केला.)

येलच्या मागे पत्नी आणि तीन मुले होती. मुलगी मॅडलिन हिने वडिलांचे दोन्ही वारसे उचलले. ती चित्रकार झाली आणि धातुकामातही तिने नाव कमावले. मॅसॅच्युसेट्समधील डिअरफील्ड येथे हस्तकलेची जी चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रणींमध्ये तिची गणना होते. शिवाय ती लेखिकाही होती. वडिलांच्या कामाच्या टेबलाशी लहानपणी रमलेल्या मुलीच्या हातून पुढे तांब्या-चांदीचे दागिने घडले.

कंपनी टाउनच्या हाती आली. येलविना ती बुडेल, अशीच अनेकांची अटकळ असणार. परंतु टाउन हा पुढे आधुनिक व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवर्तकांत गणला गेलेला माणूस होता. त्याने हातकामाची जागा यंत्रकामाला दिली, सुट्या भागांची मापे ठरवून दिली. १८८३ मध्ये कंपनीचे नाव येल अँड टाउन झाले. मृत भागीदाराचे नाव त्याने आधी ठेवले, हा धंद्यातील शहाणपणा असेल किंवा कृतज्ञता असेल. त्यामुळे येल हे नाव टिकले आणि टाउन हे नाव आज फक्त अभ्यासकांना माहीत आहे. पुढे कंपनीचे अनेकदा हस्तांतर झाले. २००० मध्ये ती स्वीडनच्या असा अब्लॉय समूहाकडे गेली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात येलच्या नावाचा समावेश झाला.

मापे ठरली, तेव्हा आणखी एक गोष्ट घडली आणि ती कुलपांच्या इतिहासात येलच्या शोधाइतकीच दूरगामी म्हणावी लागेल. खाचेची खोली मनाला येईल तेवढी न ठेवता ठराविक पायऱ्यांतच ठेवायची, असे ठरले की किल्लीचे रूपांतर संख्येत होते. दाराशी पहिली खाच तिसऱ्या पायरीची, दुसरी सहाव्या, तिसरी पहिल्या, चौथी आठव्या, पाचवी चौथ्या, म्हणजे ही किल्ली झाली ३६१८४. अमेरिकेतील श्लेज कंपनीच्या कुलपात अशा दहा पायऱ्या असतात आणि दोन पायऱ्यांतील अंतर इंचाच्या हजार भागांपैकी पंधरा, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशांहूनही कमी असते. क्विकसेट या दुसऱ्या कंपनीच्या पायऱ्या सहाच, पण त्या अधिक उंच. पाच खाचा आणि दहा पायऱ्या असतील तर कागदावर एक लाख वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात. प्रत्यक्षात त्या कमी भरतात, कारण एकदम खोल खाचेशेजारी एकदम उथळ खाच असेल तर कापणारे चाक शेजारची खाच खाऊन टाकते. पायऱ्या सहाच असतील तर हिशेब ७,७७६ वर येतो. म्हणजे मोठ्या शहरात दोन अनोळखी घरांची किल्ली एकच असणे अगदी शक्य आहे. सुरक्षितता एवढीच, की कोणाची कोणाशी जुळते हे कोणालाच ठाऊक नसते.

किल्ली ही संख्या आहे, याचा पहिला लाभ हरवलेल्या किल्लीला झाला. नाक्यावरचे नक्कल यंत्र काय करते? एका पकडीत जुनी किल्ली, दुसरीत कोरी पट्टी. जुन्या किल्लीवरून एक टोक फिरते आणि त्याच्या चालीने चाक कोऱ्या पट्टीवर खाचा पाडते. जुनी किल्ली दहा वर्षांच्या वापराने झिजलेली असेल तर झीजही नकलेत उतरते. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, असे तीन-चारदा झाले की किल्ली अडते, हिसके द्यावे लागतात आणि एक दिवस दार उघडतच नाही. संख्येवरून कापलेल्या किल्लीला ही व्याधी नाही. तिला मूळ किल्ली लागतच नाही. पूर्वी कुलूपकार निर्मात्याच्या सांकेतिक वहीत क्रमांक शोधून, सूक्ष्ममापकावर खोली लावून, एकेक खाच कापीत. संगणकनियंत्रित यंत्राने ही वही पोटात घेतली. कोणत्या कंपनीच्या किल्लीत पहिली खाच खांद्यापासून किती अंतरावर, दोन खाचांत किती अंतर, कोणत्या पायरीची खोली किती आणि चाकाचा कोन कोणता, हे सारे त्याच्या स्मृतीत असते. कारागिराने क्रमांक टंकायचा आणि योग्य कोरी पट्टी पकडीत नीट बसवायची. मोटरी पट्टीला दोन दिशांनी सरकवितात, चाक फिरते आणि मिनिटभराच्या आत किल्ली हाती येते. कारखान्यातून पहिल्या दिवशी निघाली होती तशी. झिजलेली किल्ली यंत्रात ठेवली तर ते खाचा मोजून जवळची पूर्ण पायरी ठरविते आणि झीज पुसून टाकते. पट्टी पकडीत तिरपी बसली तर मात्र एवढे महागडे यंत्रही नेमकी चुकीची किल्ली अत्यंत अचूकपणे कापून देते. त्यामुळे कसबी हाताची गरज संपलेली नाही.

दुसरा परिणाम इतका सुखाचा नाही. ज्याला संख्या कळली त्याला किल्ली मिळाली. म्हणूनच पुष्कळ कंपन्या किल्लीवर खरी संख्या न छापता दुसराच क्रमांक छापतात आणि त्यावरून खरी संख्या काढण्याचे कोष्टक आपल्या ताब्यात ठेवतात. नव्या मोटारीच्या किंवा दुचाकीच्या किल्ल्यांसोबत क्रमांक कोरलेली धातूची छोटी चकती मिळते. आपल्याकडे ती बहुतेक वेळा किल्लीच्याच साखळीला लटकत राहते. ती काढून घरात जपून ठेवावयाची असते.

परंतु क्रमांक लपविला तरी खाचा उघड्याच असतात. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संगणक अभ्यासकांनी एक प्रयोग केला. उपाहारगृहाच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या आणि सुमारे १९५ फुटांवरच्या इमारतीच्या गच्चीतून त्यांची छायाचित्रे घेतली. संगणकाने छायाचित्रातील तिरकेपणा दूर केला, खाचांची खोली मोजली आणि पाच आकडे काढून दिले. त्या आकड्यांवरून किल्ली कापता आली. वर्षानुवर्षे लोक ज्या वस्तू बेफिकीरपणे टेबलावर टाकत आले, त्या कोणालाही वाचता येण्याजोग्या आहेत, हे त्यांना दाखवायचे होते. आपली पद्धत त्यांनी शोधनिबंधात प्रसिद्ध केली. १८५६ मध्ये फिलाडेल्फियात लिनस येलने दुसऱ्याच्या कुलपाबाबत नेमके हेच केले होते. या वेळी उघडे पडले ते त्याचे स्वतःचे कुलूप.